मूरु पॉइंट आरु

संध्याकाळचे पावणेसात झाले की आमच्या गल्लीतली माणसं घाईघाईनं दारं लावून घ्यायची. डासांमुळं नाही. पावणेसातला सिद्रामप्पा बाहेर येऊन उभे राहायचे म्हणून. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात टेस्टर आणि दोन पेनं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि जो दिसेल त्याला एकच प्रश्न, "पाच मिन्टं हाय का? जरा वाचून द्या की."

वाचून द्यायचं म्हणजे पत्र नाही आणि पेपरही नाही. अप्पांच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक लाकडी फळी आहे. फळीवर काट्याचे दोन मीटर, एक व्होल्टचा आणि एक अँपिअरचा. खाली विजेची कॉइलची शेगडी, शेगडीवर चहाचं आधण. आपण मीटरसमोर उभं राहून काटा कुठं आहे ते मोठ्यानं सांगायचं. अप्पा बाहेर सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, टेबलाशी बसून ते रजिस्टरात लिहिणार. मग व्होल्टला अँपिअरनं भागलं की शेगडीचा रेझिस्टन्स निघतो, ओहममध्ये. गुणलं की पॉवर निघते, वॅटमध्ये. भागाकार-गुणाकार अप्पा तोंडी करतात. तो झाला की रजिस्टरात सही करायची आणि तोच चहा प्यायचा. चहा उत्तम असतो. पण पाच मिनिटांचं काम पाऊण तासाच्या आत कधी झालेलं नाही, कारण अप्पांनी अठ्ठावीस वर्षं आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवलंय आणि निवृत्त झाले तेव्हा त्यांचा पोर्शन बहुतेक राहिलेला होता.

आमचं घर त्यांच्या भिंतीला भिंत लागून. मी एका कॉलेजच्या लायब्ररीत क्लार्क आहे, त्यामुळं ते मला 'लायब्ररी' म्हणतात. हे नाव चार लोकांतलं. खासगीत मी 'झिरोचा बल्ब'. गल्लीतल्या प्रत्येक माणसाचे अप्पांनी वॅट ठरवून ठेवलेत. माझी बायको सुनंदा दोन हजार वॅट, म्हणजे गिझर. कोपऱ्यावरचे पेन्शनर काका साठाचा बल्ब, पण चोक गेलेला. बल्बला चोक नसतो हे मलासुद्धा कळतं. मी तसं म्हणालो तर अप्पा म्हणाले, "तेच की! नसलेला चोक बी गेलाय त्यांचा."

झिरोच्या बल्बाबद्दल मी एकदा तक्रार केली. तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि समजावलं. "नावाला झिरो, लायब्ररी. तो पंधरा वॅट खातो. मी मोजलेत. उजेड कमी देतो, पण खातो." सुनंदा शेजारीच उभी होती. तिला हे इतकं पटलं की पुढचा महिनाभर मी जेवायला बसलो की ती "पंधरा वॅट" म्हणून हसायची.

त्यांच्या घराचं नाव 'ओहम'. रेझिस्टन्स ज्या मापात मोजतात ते हे ओहम. दारावर संगमरवरी पाटी आहे. पाटी करणाऱ्यानं पहिल्यांदा आपल्या अकलेनं 'सोहम' कोरून आणलं होतं. अप्पांनी ती परत पाठवली. दुसऱ्या वेळी 'ॐ' आला. तिसऱ्या वेळी अप्पा स्वतः नव्या पेठेतल्या त्या दुकानात जाऊन स्टूल घेऊन बसले आणि शेवटचा म कोरून होईपर्यंत उठले नाहीत. अजूनही नवा पोस्टमन आला की "काका, तुमच्या घराचा स पडलाय" असं सांगतो. अप्पा त्याला आत बोलावतात. बिचारा तासाभरानं बाहेर येतो तेव्हा त्याला ओहमचा नियम पाठ झालेला असतो आणि पुढच्या गल्लीची पत्रं राहिलेली असतात.

नियम शिकवायची त्यांची एक रीत आहे. खडूनं त्रिकोण काढायचा. वर व्होल्टेज, खाली डावीकडं करंट, उजवीकडं रेझिस्टन्स. जे काढायचं असेल त्यावर बोट ठेवायचं. उरलेलं दिसतं तेच गणित. व्होल्टेजवर बोट ठेवलं की खालचे दोघं शेजारी दिसतात, म्हणजे गुणाकार. खालच्या एकावर ठेवलं की एकावर एक दिसतात, म्हणजे भागाकार. "बोट ठेवायला शिका, बोट," असं ते सारखं म्हणतात. सुनंदाचं म्हणणं, बोट ठेवायची सवय या माणसाला आधीपासूनच होती, त्रिकोण नंतर आला.

ते खोटं नाही. माझ्या मेव्हणीचं लग्न माढ्याला होतं. शेजारी म्हणून अप्पांना नेलं. मांडवात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी वर बघितलं. वर वीस हॅलोजन. नवरा घोड्यावरून उतरत होता, वाजंत्री जोरात होती, आणि अप्पा लग्नपत्रिकेच्या मागं गणित करत होते. मग मांडववाल्याचा दंड धरून म्हणाले, "पाचशेचे वीस म्हंजे दहा हजार वॅट. भागिले दोनशे तीस. त्रेचाळीस अँपिअर जातोय तुमच्या ह्या सुतळीतनं. ही वायर पंधराची हाय." मांडववाला हसला. म्हणाला, "आजोबा, जेवून घ्या." अप्पा म्हणाले, "ह्या वायरीखाली मी जेवणार न्हाय," आणि खरोखर मांडवाबाहेर उन्हात खुर्ची टाकून बसले. आता मुलीकडच्यांचा पाहुणा उपाशी उन्हात बसला म्हटल्यावर चर्चा सुरू झाली. माझे सासरे तापले. शेवटी मांडववाला चिडून शिडी लावून वर चढला आणि वायरीला हात लावताच "आई गं" म्हणून तिथूनच ओरडला. वायर पापडासारखी भाजून निघाली होती. निम्मे हॅलोजन उतरवले, जाड केबल टाकली, आणि मग अप्पांनी बुंदीचे सहा लाडू खाल्ले. सासरे अजून फोनवर आधी अप्पांची चौकशी करतात, मग माझी.

पण सात वाजताच्या रीडिंगची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सुरू झाली महादेवीकाकूंमुळं.

काकू म्हणजे अप्पांच्या पत्नी. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात बोलणं कन्नड. मराठी आमच्याइतकंच स्वच्छ बोलायच्या, पण आकडे मात्र तोंडात कन्नडच यायचे. वरणाच्या शिट्ट्यासुद्धा कन्नडमध्ये मोजायच्या. त्यांनी एकदा अप्पांना सहज म्हटलं, सकाळी शेगडीवर दूध लगेच उतू जातं, संध्याकाळी मात्र चहालासुद्धा ताटकळत बसावं लागतं, असं का? एखादा नवरा म्हणाला असता, असेल काहीतरी. अप्पांनी दुसऱ्या दिवशी भिंतीला फळी ठोकली.

आठवड्याभरात कारण सापडलं. शेगडी हजार वॅटची, तिचा रेझिस्टन्स त्रेपन्न ओहमच्या आसपास. सकाळी व्होल्टेज दोनशे तीस असतं तेव्हा ती हजार वॅट देते. संध्याकाळी सगळ्या गल्लीचे पंखे, कूलर आणि मागच्या अंगाचे यंत्रमाग सुरू झाले की व्होल्टेज एकशे नव्वदवर येतं, करंटही खाली येतो, आणि शेगडी सातशे वॅटसुद्धा देत नाही. "तुझ्या चहातले तीनशे वॅट गल्ली खाते," असं अप्पांनी काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग गल्लीला चहाला बोलवत जाऊ नका."

कारण सापडल्यावर रीडिंग थांबायला हवं होतं. ते थांबलं नाही. रोज सात वाजता काकू आत मीटरसमोर, अप्पा बाहेर टेबलाशी. अप्पा हाक देणार, "एष्ट?" म्हणजे किती. आतून काकू सांगणार, आधी व्होल्ट, मग अँपिअर, कन्नडमध्ये. हे आमच्या स्वयंपाकघरात भिंतीपलीकडून ऐकू यायचं. एष्ट हे ऐकलं की सुनंदा भाताला लागायची.

दोघांच्या मध्ये भिंत कशासाठी, असं मी अप्पांना एकदा विचारलं होतं. मीटर सोप्यातच का लावला नाही? अप्पा ताठ बसले. "वाचणाऱ्यानं लिहायचं न्हाय, लिहिणाऱ्यानं वाचायचं न्हाय. हा वर्कशॉपचा नियम हाय. एकटा माणूस मीटरात बघत न्हाय, लायब्ररी, मनात बघतो. माझी पोरं आधी उत्तर काढायची, मग रीडिंग लिहायची. म्हणून मी जोड्या लावायचो. एक वाचणार, एक लिहिणार. दोघांची सही. चूक झाली तर खाडाखोड न्हाय, एक रेघ मारायची, वर दुरुस्ती, परत दोघांची सही."

या नियमानं बावीस वर्षं सुरळीत गेली. भांडण म्हणाल तर एकच, पण ते गल्लीभर गाजलं. मे महिना होता. त्या संध्याकाळी अप्पांच्या रजिस्टरात एकशे नव्वद व्होल्टपुढं सहा पॉइंट तीन अँपिअर अशी नोंद पडली. भागाकार केला तर रेझिस्टन्स तीस! गुणाकार केला तर बाराशे वॅट! काल त्रेपन्न ओहम असलेली शेगडी आज तीसवर आली म्हणजे कॉइल कुठंतरी एकमेकीला चिकटली, शॉर्ट झाली. अप्पांनी आधण उतरवलं, शेगडी उलटी केली, कॉइल काढून वीतवीत तपासली. दोन दिवस त्या घरात चहा नाही. कॉइल तर ठणठणीत. तिसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं, तुम्ही लिहिलंत तरी काय? रजिस्टर बघितलं आणि कपाळाला हात लावला. "मी मूरु पॉइंट आरु सांगितलं होतं!"

मूरु म्हणजे तीन, आरु म्हणजे सहा. तीन पॉइंट सहा. अप्पांच्या वहीत ते उलटं होऊन सहा पॉइंट तीन झालं होतं. अप्पा म्हणाले, तू आरु पॉइंट मूरु म्हणालीस. काकू म्हणाल्या, मी मूरु पॉइंट आरु म्हणाले. त्यानंतर हा वाद कधीच मिटला नाही. भाजीवाल्या नागव्वापासून काकूंच्या माहेरच्या मठातल्या जंगमअय्यांपर्यंत सगळ्यांपुढं तो मांडून झाला. घरात काहीही चुकलं, मीठ जास्त झालं, बस चुकली, की काकू शांतपणे म्हणायच्या, "झालं का आरु पॉइंट मूरु?" आणि अप्पा उसळून म्हणायचे, "तू सांगितलं तेच मी लिहिलं." आम्ही भिंतीला कान लावून हसायचो.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेलं, आठ दिवसांत संपलं. मुलगी हुबळीहून आली, महिनाभर राहिली आणि गेली. अप्पांना चल म्हणाली, तर ते म्हणाले, तिथं व्होल्टेज दोनशे चाळीस हाय, मला मानवणार न्हाय. मग ती म्हणाली, मी रोज सातला व्हिडिओ कॉलवर मीटर वाचत जाईन. अप्पांनी तेही नाकारलं. वाचणारा मीटरसमोर पाहिजे. फोनमध्ये काटा तिरका दिसतो.

आणि तेव्हापासून ते पावणेसातला दाराबाहेर उभे राहायला लागले.

आधी गल्लीनं कौतुकानं वाचलं. मग कंटाळा आला. दूधवाला वेळ बदलून सहाला यायला लागला. गॅसवाला सिलिंडर दारात ठेवून पळायचा. टिकून राहिली एकटी नागव्वा. तिला अक्षर येत नाही, पण तिच्यासारखं रीडिंग कुणी देत नाही असं अप्पा सांगायचे. "चारच्या फुडं दोन रेगा हाय की वो काटा," असं ती सांगायची. अप्पा चार पॉइंट दोन लिहायचे आणि अंगठा घ्यायचे. पण नागव्वाचं गावाकडं जाणं-येणं फार. मी म्हणाल तर, मला सांगायला लाज वाटते, पावणेसातला पडवीतला दिवा बंद करून पेपर घेऊन आतल्या खोलीत बसायला लागलो. झिरोचा बल्बसुद्धा बंद करता येतो हे मला तेव्हा समजलं.

गल्लीत बोललं जाऊ लागलं की अप्पांना दिसत नाही. नाहीतर स्वतःच्या घरातला मीटर वाचायला कुणाला लोक लागतात का? मास्तर माणूस, कबूल करायला कमीपणा वाटत असणार. सुनंदानं माझ्यामागं टुमणं लावलं. "मोतीबिंदू असेल. तुम्ही घेऊन जा डोळ्यांच्या डॉक्टरकडं." शेवटी एका रविवारी मी माझेच डोळे दाखवायचेत, सोबत चला, असं खोटं सांगून त्यांना रिक्षात घातलं.

दवाखान्यात डॉक्टरांना मी आधीच डोळा मारून ठेवला होता. त्यांनी अप्पांना खुर्चीत बसवलं, समोर अक्षरांचा तक्ता लावला. अप्पांनी वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी घडाघडा वाचल्या. शेवटची ओळ वाचून झाल्यावर तक्त्याच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव असतं ना, तेही वाचलं. मग म्हणाले, "डॉक्टर, तक्त्यामागचा दिवा कितीचा हाय? व्होल्टेज कमी पडतंय तुमच्याकडं. पेशंटचा नंबर उगं वाढतो." मागच्याच वर्षी हुबळीला गेले होते तेव्हा मुलीनं त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतल्याचं त्यांनी सहज सांगितलं. डॉक्टरांनी मग मला खुर्चीत बसवलं. माझाच नंबर पाऊणनं वाढला होता.

रिक्षानं परत आलो. घराशी उतरलो तेव्हा राहवलं नाही. "अप्पा, तुम्हाला चांगलं दिसतं. मग रोज दारात उभं राहून लोकांच्या विनवण्या कशाला करता? सरळ आत जायचं, काटा बघायचा, लिहून टाकायचं."

"वाचणाऱ्यानं लिहायचं न्हाय," अप्पा म्हणाले.

"आणि कुणी नाही मिळालं तर?"

अप्पांनी खिशातली किल्ली शोधली. कुलूप काढलं, मला आत नेलं, आणि टेबलावरचं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. मी नवा चष्मा यायच्या आधीचा माणूस, डोळ्यांजवळ धरून पानं उलटली. तारीख, व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॅट, वाचणार, लिहिणार, शेरा. वाचणारच्या रकान्यात सगळी गल्ली होती. दूधवाला होता, इस्त्रीवाल्याची बायको होती, पोस्टमन होता, नागव्वाचे निळे अंगठे ओळीनं होते. माझी सही पण होती, महिन्याकाठी एक-दोनदा. आणि मधूनमधून अशा ओळी होत्या की ज्यांत तारीख लिहिलेली, पुढं सगळ्या रकान्यांत आडव्या रेघा, आणि शेऱ्यात दोन शब्द: वाचणार नाही.

एका आठवड्यात तर सलग पाच दिवस. त्या आठवड्यात नागव्वा जेऊरला भावाकडं गेली होती. मी मात्र इथंच होतो. भिंतीपलीकडं, आतल्या खोलीत, पेपर घेऊन.

"त्या दिवशी चहाचं काय करता?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

"चहा कसला? वाचणारा न्हाय तर शेगडी कशाला लावायची?" अप्पा म्हणाले. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. नियमच तसा, एवढंच.

घरी येऊन मी सुनंदाला सांगितलं. ती ओट्याकडं तोंड करून उभी राहिली. मग म्हणाली, "सोमवार, बुधवार, शुक्रवार मी. बाकीचे दिवस तुम्ही. रविवारी नागव्वाला सांगते." हजार वॅटच्या शेगडीला दोन हजार वॅटचा गिझर लागला, आणि त्यानंतर आजवर शेऱ्याचा तो रकाना कोरा आहे.

आता मला मीटर वाचायची सवय झाली. काटा समोरून बघायचा, तिरकं उभं राहायचं नाही, एक डोळा मिटायचा, हे अंगवळणी पडलं. अप्पांचा पोर्शनही बराच पुढं सरकला. मला आता बंद पडलेल्या इस्त्रीत नुसता रेझिस्टन्स मोजून दोष सांगता येतो, आणि सुनंदा ते माहेरी अभिमानानं सांगते.

परवा मे महिन्यातलीच संध्याकाळ. मला एक हौस सुचली. अप्पांना आनंद होईल म्हणून मी आठवडाभर नागव्वाकडून कन्नड आकडे शिकलो होतो. वंदु, यरडु, मूरु, नाकु. चारला नाकु म्हणतात, हे नाकाला हात लावून पाठ केलं. सात वाजले. मी मीटरसमोर. बाहेरून नेहमीसारखं, "हं, सांगा लायब्ररी." मी आधी व्होल्ट सांगितले, नूरा तोंबत्तु, एकशे नव्वद. बाहेर खुर्ची करकरली. मग मी छाती भरून ओरडलो, "आरु पॉइंट मूरु!"

बाहेरून काहीच आवाज आला नाही. नेहमी आकडा सांगितला की पेनाची करकर ऐकू येते, तीही नाही. मी परत काट्याकडं बघितलं आणि जीभ चावली. काटा तीनच्या पुढं सहा रेघांवर होता. मी धावत सोप्यात आलो.

"अप्पा, चुकलं! मूरु पॉइंट आरु. तीन पॉइंट सहा. माझ्या तोंडून उलटं गेलं."

अप्पांनी पेन उघडं धरलं होतं. रकाना कोराच होता. मला वाटलं आता शेऱ्यात 'वाचणाऱ्याची चूक' पडणार आणि गल्लीभर मी आरु पॉइंट मूरु होणार. पण ते उठले, कपाटाच्या खालच्या खणातून एक जुनं रजिस्टर काढलं. पान शोधावं लागलं नाही. त्यात एस.टी.चं तिकीट घालून ठेवलेलं होतं.

पानावर सगळीकडं वाचणारच्या रकान्यात एकच वळणदार कन्नड अक्षर होतं. काकूंची सही. फक्त एका ओळीत ती नव्हती. त्या ओळीत सहा पॉइंट तीनवर रेघ मारून वर तीन पॉइंट सहा केलेलं होतं, लिहिणारच्या रकान्यात अप्पांची सही होती, आणि शेऱ्यात त्यांच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: वाचणाऱ्याची चूक.

"ह्या ओळीवर ती सही करणार न्हाय म्हणाली," अप्पा म्हणाले. "म्हणे, मी चुकलेच न्हाय तर सही का करू? बराबर हाय की तिचं. लायब्ररी, तिनं मूरु पॉइंट आरुच सांगितलं होतं. मला ऐकू बी बराबर आलं होतं. लिहिताना हात उलटा गेला. शेगडी जोडली त्याच दिवशी मला कळलं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगणार होतो की. आज सांगू, उद्या सांगू. अठ्ठावीस वर्षं पोरांना सांगितलं, चूक कबूल करायला लाजू नका. आन् घरात..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "आन् खरं सांगू का? ती चिडवायची ते बरं वाटायचं. कबूल केलं असतं तर चिडवायचं बंद झालं असतं."

मग ते खाली बसले. पट्टी घेतली. 'वाचणाऱ्याची' या शब्दावर सरळ एक रेघ मारली आणि वर लिहिलं, 'लिहिणाऱ्याची'. शेजारी सही केली. तारीख घातली, आजची. आणि पेन वाचणारच्या रिकाम्या रकान्यावर येऊन थांबलं. दुरुस्तीला दोघांची सही लागते.

"मी करू का? काकूंच्या वतीनं?" मी म्हणालो.

"नको. जागा तिची हाय, राहू द्या."

त्यांनी ते रजिस्टर उचललं, आत नेलं आणि ओट्यावर, शेगडीपासून हातभर लांब, ते पान उघडं ठेवलं. वर पेन ठेवलं. आधण खळखळत होतं. त्यांनी स्वतःच चहा-साखर टाकली, झाकण ठेवलं आणि परत येऊन आपल्या खुर्चीत बसले. खिशातलं दुसरं पेन काढलं, आजचं रजिस्टर पुढं ओढलं. मला हातानं आत जायची खूण केली. मी मीटरसमोर जाऊन उभा राहिलो.

बाहेरून हाक आली. तीन वर्षांनी पहिल्यांदा तीच हाक.

"एष्ट?"

मी काट्याकडं नीट समोरून बघितलं. एक डोळा मिटला.

"मूरु पॉइंट आरु."

पेनाची करकर झाली. भिंतीपलीकडं सुनंदा भाताचं झाकण वाजवत होती.

"बराबर ऐकलं," अप्पा म्हणाले.